न्यूमा मॅप्स

न्यूमा मॅप्स : चालू प्रोसेसची मेमरी यंत्रातल्या कोणत्या प्रोसेसर-नोडवर किती पडली आहे, हे दाखवणारी लिनक्स कार्यप्रणालीतील आभासी फाइल. 'प्रॉक' या फाइलप्रणालीत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक डिरेक्टरी असते. तिच्यात 'न्यूमा_मॅप्स' या नावाने ही फाइल सापडते. डिस्कवर ती कुठेही साठवलेली नसते. कोणी वाचायला उघडली की कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) त्या प्रोसेसची पेज-कोष्टके, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे (पेजे) कुठे आहेत याच्या नोंदी, चाळतो आणि मजकूर जागच्या जागी तयार करून देतो. लिनक्स २.६.१४ या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २००५) ही सोय आहे. मात्र कर्नल बांधताना न्यूमाचा (नॉन-युनिफॉर्म मेमरी अॅक्सेस, म्हणजे जवळची मेमरी लवकर आणि दूरची उशिरा मिळणारी रचना) पर्याय चालू ठेवलेला असावा लागतो.

अशा फाइलची गरज यंत्रांच्या रचनेतून निर्माण झाली. पूर्वीच्या बहुप्रोसेसर यंत्रांत सगळे प्रोसेसर एकाच बसवरून एकाच सामाईक मेमरीकडे जात. प्रोसेसर वाढत गेले तसा तो रस्ता तुंबू लागला. मग मेमरीचे तुकडे करून प्रत्येक प्रोसेसरशेजारी त्याचा त्याचा तुकडा बसवण्यात आला. प्रोसेसर आणि त्याच्याजवळची मेमरी मिळून एक नोड होतो. कोणताही प्रोसेसर कोणत्याही नोडची मेमरी वाचू शकतो, पण शेजारची लवकर मिळते आणि दूरची उशिरा. एएमडीच्या ऑप्टेरॉनने (२००३) आणि पुढे इंटेलच्या नेहलेम पिढीने (२००८) मेमरी-नियंत्रक प्रोसेसरच्या आतच घेतला, तेव्हापासून दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या दोन जागांचा) साधा सर्व्हरही न्यूमा यंत्र ठरला. नोडांमधली अंतरे फर्मवेअर एका तक्त्यात देते. स्वतःच्या नोडचे अंतर १० धरलेले असते, शेजारच्या सॉकेटचे बहुधा २० किंवा २१ दिसते. हे आकडे सापेक्ष असतात. ते नॅनोसेकंद समजून हिशेब करू नये.

प्रोग्रामने मेमरी मागितली म्हणजे ती लगेच कुठल्या तरी नोडवर मिळते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्या वेळी फक्त पत्ते राखून ठेवले जातात. सातबाऱ्यावर नाव लागावे आणि ताबा मिळायचा राहावा, तसे. ताबा मिळतो तो पेजला पहिला हात लागेल तेव्हा, आणि नेहमीच्या धोरणानुसार (मेमरी कोणत्या नोडवर द्यायची याच्या नियमानुसार) हात लावणारा थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक स्वतंत्र धागा) ज्या नोडवर चालू असेल, त्याच नोडवर. म्हणून एकाच थ्रेडने मोठा अॅरे शून्यांनी भरून घेतला आणि नंतर सगळ्या नोडांवरचे थ्रेड त्यावर गणित करू लागले, की अॅरे एका नोडवर आणि कामकरी चहूकडे अशी स्थिती होते. उत्तर बरोबर येते, त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. अशी चूक कोड वाचून पकडणे अवघड असते. पेजे कुठे आहेत ते बघावेच लागते.

ओळीची रचना : प्रोसेसच्या प्रत्येक मेमरी-पट्ट्याला (सलग पत्त्यांच्या भागाला) एक ओळ असते. ओळीच्या सुरुवातीला पट्ट्याचा आरंभीचा पत्ता सोळाआधारी अंकांत, त्यानंतर लागू असलेले धोरण आणि मग मोजणी. धोरण 'डीफॉल्ट' (नेहमीचे), 'बाइंड' (दिलेल्याच नोडांवर), 'प्रेफर' (शक्यतो दिलेल्या नोडवर), 'इंटरलीव्ह' (नोडांवर आळीपाळीने) अशा शब्दांत येते. गरज असेल तिथे पुढे नोडांचे क्रमांक जोडलेले असतात. फाइलवरून आलेला पट्टा असेल तर फाइलचे नाव, नाहीतर 'हीप' किंवा 'स्टॅक' अशी खूण दिसते. मोजणीचा भाग नमुन्यादाखल असा :

डीफॉल्ट हीप अॅनन=२६२१४४ डर्टी=२६२१४४ एन०=१९६६०८ एन१=६५५३६ कर्नलपेजसाइज_केबी=४

इथे 'अॅनन' म्हणजे कोणत्याही फाइलशी न जोडलेली पेजे, 'डर्टी' म्हणजे लिहून बदललेली, आणि 'एन०', 'एन१' म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या नोडवरची पेजे. म्हणजे ४ केबीची २,६२,१४४ पेजे, एकूण १ जीबी. त्यांपैकी ७६८ एमबी शून्य क्रमांकाच्या नोडवर आणि २५६ एमबी एक क्रमांकाच्या नोडवर. 'मॅपमॅक्स' हा आकडा सर्वाधिक वाटली गेलेली पेज किती ठिकाणी जोडलेली आहे ते सांगतो. जी माहिती इतर आकड्यांवरून उघड आहे ती कर्नल छापतच नाही, त्यामुळे सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या नसतात. पट्ट्याचा शेवटचा पत्ता इथे मिळत नाही. त्यासाठी शेजारची 'मॅप्स' ही फाइल उघडून आरंभीचा पत्ता जुळवावा लागतो.

ओळीतला धोरणाचा शब्द म्हणजे मागणी, आणि 'एन'चे आकडे म्हणजे प्रत्यक्ष वाटप. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणे हेच या फाइलचे खरे मोल आहे, कारण त्या जुळतातच असे नाही. 'प्रेफर' सांगितलेला नोड भरलेला असेल तर पेजे दुसरीकडे जातात. धोरण उशिरा बदलले तर आधीची पेजे जुन्या जागीच राहतात. ती हलवायची असतील तर तसे वेगळे सांगावे लागते. पट्ट्याला कोणी हातच लावला नसेल तर ओळीत धोरण असते आणि 'एन' एकही नसतो. स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर) गेलेली पेजे मोजणीत येत नाहीत. ह्यूजटीएलबीच्या (मोठ्या आकाराच्या पेजांच्या) पट्ट्यात १ म्हणजे एक आख्खे मोठे पेज, म्हणून 'कर्नलपेजसाइज' न पाहता बेरीज केली तर हिशेब कैक पटींनी चुकतो.

ही फाइल डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या तोंडी आली ती मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एका कोड्यामुळे. सर्व्हरवर मेमरी मोकळी दिसत असतानाही मायएसक्यूएल स्वॅपमध्ये जाते, अशी तक्रार अनेक जण करत. डेटाबेस-तज्ज्ञ जेरेमी कोल यांनी २०१० मध्ये त्याचा उलगडा मांडला, तो न्यूमा मॅप्सच्या ओळींची बेरीज करणाऱ्या एका छोट्या पर्ल स्क्रिप्टच्या आधारे. इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवण-यंत्रणेचा) बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा, यंत्राच्या एकूण मेमरीच्या निम्म्याहून मोठा होता. तो भरताना एक नोड काठोकाठ भरला आणि दुसऱ्यावर जागा शिल्लक राहिली. त्या भरलेल्या नोडवरच मेमरी हवी अशी मागणी आली की कर्नल तिथली पेजे स्वॅपमध्ये ढकलून जागा करी. एकूण मोकळ्या मेमरीचा आकडा पाहून हे कधीच कळले नसते. उपाय साधा निघाला : 'न्यूमासीटीएल' या साधनाने सर्व नोडांवर आळीपाळीने पेजे वाटण्याचे धोरण लावून सर्व्हर सुरू करायचा. पुढे मायएसक्यूएल ५.७.९ मध्ये यासाठी स्वतंत्र पर्यायच आला.

इतिहास : लिनक्समधली मेमरी-धोरणे आणि त्यांचे सिस्टम-कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याच्या आज्ञा) कर्नल-विकासक अँडी क्लीन यांच्या कामातून २००४ मध्ये, २.६.७ आवृत्तीच्या सुमारास कर्नलमध्ये आले. धोरण लावता येऊ लागले, पण लावल्यावर पेजे कुठे पडली हे बाहेरून दिसण्याची सोय नव्हती. ही उणीव सर्वांत जास्त एसजीआय या कंपनीला जाणवत होती, कारण तिची ऑल्टिक्स यंत्रे शेकडो प्रोसेसरांवर एकच लिनक्स चालवत. नासाच्या 'कोलंबिया' महासंगणकात (२००४) प्रत्येकी ५१२ प्रोसेसरांची अशी २० यंत्रे होती. न्यूमा मॅप्सचा पॅच एसजीआयमधील क्रिस्टोफ लॅमेटर यांनी आणला. पेजे एका नोडवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय त्यानंतर २.६.१६ मध्ये आली. आधी दिसणे आणि मग हलवणे, हा क्रम योग्यच म्हणायचा.

ही फाइल वाचणे फुकट नसते. १०० जीबी मेमरी ४ केबीच्या पेजांत असेल तर ती २ कोटी ६२ लाखांहून अधिक पेजे होतात आणि कर्नलला त्या सगळ्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. तेवढा वेळ प्रोसेसच्या मेमरी-नकाशावरचे कुलूप वाचनासाठी धरलेले असते. नवा पट्टा मागणारा थ्रेड ताटकळतो. म्हणून भरात असलेल्या डेटाबेसवर दर सेकंदाला ही फाइल वाचणारी स्क्रिप्ट लावणे शहाणपणाचे नाही. मजकूरही एका क्षणाचा नसतो, पहिली आणि शेवटची ओळ यांच्यात बरेच काही घडून गेलेले असू शकते. ३.८ आवृत्तीपासून (२०१३) कर्नल स्वतःहून पेजे थ्रेडांच्या जवळ आणू लागला आहे, त्यामुळे दोन वाचनांत आकडे वेगळे आले तर त्यात आश्चर्य नाही. ओळींत पत्ते असल्याने दुसऱ्याच्या प्रोसेसची फाइल कोणालाही उघडता येत नाही. डीबगरला लागते तशीच परवानगी लागते.

रोजच्या कामात फाइल थेट वाचणारे कमीच. 'न्यूमास्टॅट' हे साधन प्रोसेस-क्रमांक दिला की हीच फाइल वाचून नोडवार एमबीचा तक्ता देते. एखाद्या प्रोग्रामला स्वतःच्याच पेजांची जागा हवी असेल तर 'मूव्ह_पेजेस' हा सिस्टम-कॉल हलवण्याचे ठिकाण न देता वापरता येतो. तो फक्त सध्याचा नोड सांगतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या १८व्या आवृत्तीतील (२०२५) सामाईक मेमरीचे नोडवार दृश्य याच मार्गाने मिळते. सोलारिसमध्ये हीच माहिती 'पीमॅप' आज्ञेच्या एका पर्यायाने मिळते, तर विंडोजमध्ये वर्किंग सेटची (प्रोसेसच्या सध्या मेमरीत असलेल्या पेजांची) चौकशी करणाऱ्या फंक्शनच्या उत्तरात नोडचा क्रमांक असतो.

एका सॉकेटला एक नोड हे समीकरण आता टिकलेले नाही. एएमडीच्या पहिल्या एपिकमध्ये (२०१७) एका सॉकेटमध्येच चार नोड होते. सीएक्सएल या जोड-मानकाने जोडलेली मेमरी तर प्रोसेसर नसलेला नोड म्हणून दिसते. आभासी यंत्राच्या आत ही फाइल उघडली तर तिथले नोड हायपरवायझरने (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीने) दाखवलेले असतात; त्यांचा खालच्या खऱ्या यंत्रातल्या नोडांशी मेळ असेलच असे नाही.