सापळा, वीट आणि सडा

पुतणीने भूगोलाचा इंग्रजी धडा मोबाइलकडून मराठीत करून घेतला आणि विचारलं, "काका, दख्खनच्या सापळ्यात अडकलं कोण?" डेक्कन ट्रॅप, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या खडकाची ही गत! हा ट्रॅप सापळ्याचा नव्हे. स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, पुढे ते झिजून डोंगरउतारांना पायऱ्या पडल्या. आंबा घाट उतरताना खिडकीतून बघा.

मराठीही काही कमी नाही. मुंबईच्या पाहुण्याला "सड्यावर जाऊन येतो" म्हटलं, की तो अंगणातला शेणसडा शोधतो. आमचा सडा म्हणजे गावावरचं जांभ्याचं उघडंबोडकं पठार.

जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटेराइट. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरांनी मलबारात लोकांना हा दगड कापून विटांसारखा वापरताना पाहिलं आणि १८०७ साली लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून त्याचं बारसं केलं. मराठीत केलं असतं, तर दगडालाच वीट आला असता.

आता माझा आवडता भाग. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. लाखो वर्षं ते काळ्या बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हात मुरतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी वाहून जातात, मग हळूहळू सिलिकाही. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचं केओलिनाइट, म्हणजे चिकणमातीचं खनिज होतं, त्यातलीही सिलिका गेली की गिब्साइट हे अॅल्युमिनियमचं खनिज उरतं. लोह मात्र ऑक्सिजनशी जोडी जमवून जागचं हलत नाही. गोएथाइट, हेमॅटाइट ही लोहाची खनिजं होऊन बसतं. थोडक्यात, गंज.

खाणीत ओला असलेला हा दगड उघड्यावर सुकला, की त्यातली लोहाची संयुगं पाणी सोडून घट्ट स्फटिक बांधतात. आमचा गवंडी हे एका वाक्यात सांगतो, "कापूक लोणी, सुकलो काय लोखंड." त्याला वाटतं, ही उपमा आहे!

या सच्छिद्र दगडातून पाणी झरझर खाली उतरतं. म्हणून जुलैत छत्री उलटवणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर येतो. मग पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरतो. नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत हालचालीने. भूजलाला नारळाची ओढ नसते. ते बघायचं तर आधी जांभ्याखालच्या चिकणमातीचा थर शोधा, पाणी तिथे अडतं.

परवा कुंपणासाठी जांभ्याचे चिरे उतरवून घेतले. पांढऱ्या सदऱ्यावर तांबडे डाग बघून पुतणी म्हणाली, "काका, दगड गंजलाय." मोबाइल तेव्हा चार्जिंगला होता.