भांगेतली मात्रा मनाला लागू पडेल का?

कोथरूडमध्ये मनोरुग्णांच्या नातेवाइकांची एक छोटी बैठक भरते. गेल्या महिन्यात तिथे एका काकूंनी पिशवीतून ड्रॉपरची लहानशी बाटली काढली आणि विचारले, "ताई, हे विजयाचे तेल आहे. मुलाच्या गोळ्या बंद करून हे सुरू केले तर चालेल का?" मुलाला छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्यांनी भास आटोक्यात आहेत, पण वजन वाढले आहे आणि दिवसभर सुस्ती असते. त्यांचा प्रश्न खुळचट नव्हता. त्यात तथ्याचा अंश आहे आणि मोठा धोकाही आहे, म्हणून तो नीट उलगडून पाहायला हवा.

विजया हे भांगेचे आयुर्वेदातील नाव. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा आणि चरस राळेचा, पण झाड एकच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, मात्र नुसती पाने त्या व्याख्येबाहेर ठेवली, त्यामुळे पानांपासून केलेली औषधे परवान्याने विकता येतात. हा भेद कायद्याचा आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर नशा आणणारे द्रव्य कमी प्रमाणात का होईना, पण पानांतही असतेच.

त्या द्रव्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. त्याच्याच शेजारी झाडात कॅनाबिडायॉल म्हणजे सीबीडी असते. दोघांची रेणुसूत्रे अगदी सारखी आहेत : २१ कार्बन, ३० हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन. फरक इतकाच, की टीएचसीमध्ये अणूंचे एक कडे मिटलेले असते आणि सीबीडीमध्ये ते उघडे राहते. इस्रायलमधील रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये या दोन्ही रेणूंची रचना उलगडली, आणि एवढ्याशा फरकाने मेंदूवरचा परिणाम किती बदलतो हे पुढच्या काही दशकांत कळत गेले. टीएचसीला धरून ठेवणारे सीबी-१ हे ग्राही प्रथिन मेंदूत असल्याचे १९८८ मध्ये दिसले. झाडातल्या रेणूसाठी मेंदूने ग्राही बाळगावे, याचा अर्थ शरीर स्वतःही तशा जातीचे काही तयार करत असणार, या तर्काने शोध चालू राहिला आणि १९९२ मध्ये तो रेणू सापडला. त्याला संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड हे नाव दिले गेले. भीती, भूक, झोप, स्मरण यांचे तोल सांभाळण्यात या यंत्रणेचा हात असतो. ती पूर्ण दाबून टाकली तर काय होते, हेही अनुभवाने कळले आहे : सीबी-१ ला अडवणारे रिमोनाबँट हे वजन घटवण्याचे औषध युरोपात २००६ मध्ये बाजारात आले आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण वाढल्यामुळे २००८ मध्ये मागे घ्यावे लागले.

टीएचसी ही यंत्रणा बेसुमार चेतवते. स्वीडनमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पुढे १५ वर्षे माग ठेवला गेला, तेव्हा भरतीपूर्वी ५० पेक्षा अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये छिन्नमनस्कतेचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. ज्याला हा आजार आधीच आहे, त्याच्या बाबतीत टीएचसी म्हणजे आगीत तेल आहे, आणि हे मी कोणतीही पुस्ती न जोडता सांगते.

सीबीडीची गोष्ट वेगळी आहे. ते सीबी-१ ला फारसे चिकटत नाही आणि नशाही आणत नाही. जर्मनीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छिन्नमनस्कतेच्या ४२ रुग्णांपैकी काहींना सीबीडी आणि काहींना अमिसल्प्राइड हे प्रचलित औषध चार आठवडे दिले. दोन्ही गटांत लक्षणे जवळपास सारखीच कमी झाली, सीबीडीच्या गटात वजनवाढ आणि इतर दुष्परिणाम कमी दिसले, आणि त्यांच्या रक्तात आनंदामाइड वाढले. २०१८ मध्ये ८८ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत सहा आठवडे रोज १००० मिलिग्रॅम सीबीडी देऊन भास आणि भ्रम काहीसे कमी झाल्याचे आढळले, मात्र तिथे कोणाच्याही गोळ्या थांबवलेल्या नव्हत्या. सीबीडी त्यांच्या जोडीला होते. त्याच वर्षीच्या एका लहान चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम देऊन काहीच फायदा दिसला नाही. चारचौघांत बोलण्याची भीती असलेल्या २४ जणांवर ब्राझीलमध्ये केलेल्या प्रयोगात एका मात्रेने भाषणाच्या वेळची चिंता घटली होती. नैराश्यासाठी मात्र भरवशाचा पुरावा फारच तोकडा आहे. मला स्वतःला छिन्नमनस्कतेवरचे काम सर्वांत आशादायक वाटते, कारण आजची बहुतेक औषधे डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याच्या ग्राहींना अडवून काम करतात आणि सीबीडीची वाट त्याहून निराळी दिसते. पण काहीशे रुग्णसुद्धा नसलेल्या चाचण्यांवर एखाद्याच्या मुलाचे चालू औषध थांबवता येत नाही.

आता त्या बाटलीकडे येऊ. १० मिलिलिटरच्या बाटलीत पाच टक्के सीबीडी आहे असे धरले, तर सगळ्या बाटलीत मिळून सुमारे ५०० मिलिग्रॅम होते. चाचणीतली रोजची १००० मिलिग्रॅमची मात्रा गाठायला रोज दोन बाटल्या रिकाम्या कराव्या लागतील. सकाळ-संध्याकाळ चार थेंबांनी ती गाठली जाणार नाही. शिवाय बाटलीत नेमके काय आहे, हाही प्रश्न उरतोच. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतील जेमतेम ३१ टक्क्यांवरचे लेबल खरे निघाले, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. तिसरी बाब यकृताची. सीबीडी यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना रोखते, त्यामुळे क्लोबाझामसारख्या अपस्मारावरच्या औषधाचा अंश रक्तात साठून गुंगी वाढते, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात. व्हॅल्प्रोएट आपल्याकडे मनोविकारांत सर्रास दिले जाते.

मी काकूंना म्हणाले, "गोळी एकही चुकवू नका. वजनाबद्दल आणि सुस्तीबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला, गोळी बदलून पाहता येते. आणि ही बाटलीही त्यांना दाखवा, लपवू नका." मग सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे आम्ही दोघींनी चष्मे लावून लेबलावर शोधले. त्यावर 'विजया अर्क' आणि किंमत एवढेच छापलेले होते. काकूंनी बाटली पिशवीत ठेवली आणि डायरीत डॉक्टरांच्या पुढच्या भेटीच्या तारखेखाली 'तेल दाखवणे' असे लिहिले.