इंजिन ऑइलचा काटा: किती दाब म्हणजे ठीक?

पिकअप ट्रक चालवणाऱ्या माणसाचं ऑइल प्रेशरच्या काट्याकडे लक्ष जातं ते बहुधा तो खाली आल्यावर. सकाळी थंड इंजिन सुरू केलं तेव्हा काटा ६० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड, दाबाचं एकक) आसपास होता. तासभर ट्रेलर ओढून, चढ चढून गाडी सिग्नलला उभी राहिली, तर तोच काटा २५ वर. तेल गळलं की पंप गेला, अशी शंका येते. बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. तेल तापलंय आणि इंजिन हळू फिरतंय, एवढंच काटा सांगत असतो.

मग नॉर्मल किती? सगळ्या इंजिनांना लागू पडेल असा एक आकडा नाही. तो का नाही हे समजून घेतलं, की काटा वाचता येऊ लागतो.

मुळात ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो तेल ढकलतो. पंप गिअरचा असो वा रोटरचा, तो क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) जोरावर फिरतो आणि दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे सारतो. पुढे त्या तेलाची वाट किती अडते, त्यावर दाब ठरतो. सुई नसलेल्या सिरिंजचा दट्ट्या बोटाने सहज आत जातो. बारीक सुई लावली की तोच दट्ट्या जोर लावून दाबावा लागतो, आणि आत पाण्याऐवजी दाट औषध असेल तर आणखी जोर लागतो. इंजिनात सुईचं काम करते ती क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमधली फट. ही फट साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिलिमीटर असते. म्हणजे काट्यावरचा आकडा तीन गोष्टींनी ठरतो: इंजिन किती वेगाने फिरतंय, तेल किती दाट आहे आणि फट किती आहे.

तिन्हींपैकी सगळ्यात जास्त हलते ती तेलाची दाटी. ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं तेल घ्या. ४० अंश सेल्सिअसला त्याची दाटी साधारण ६० सेंटिस्टोक (दाटी मोजायचं एकक) असते, १०० अंशाला १० ते ११. तेल तेच, बाटली तीच, पण दाटी जवळपास सहाव्या हिश्श्यावर आली. काटा खाली येणार नाही तर काय होईल? आणखी एक बाब नजरेतून सुटते. तेल पाण्यापेक्षा उशिरा तापतं. रेडिएटरच्या पाण्याचा काटा मधोमध स्थिरावला म्हणून इंजिन पूर्ण गरम झालं असं धरून चालत नाही. तेलाला त्यानंतरही बराच वेळ लागतो, आणि तोवर दाब हळूहळू उतरतच राहतो.

थंड इंजिनाचा मोठा आकडा पाहून समाधान मानण्यातही अर्थ नाही. पंपाच्या तोंडाशी रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि जास्तीचं तेल परत सोडून देतो. बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा ५० ते ७५ पीएसआयच्या दरम्यान असते. म्हणून सकाळी काटा ६० वर जाऊन थांबतो, तेव्हा तुम्ही बहुतांशी त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग वाचत असता. बेअरिंगांची तब्येत त्यात दिसत नाही. ती दिसते पूर्ण गरम झालेल्या इंजिनाच्या आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन रेस न देता नुसतं चालू असताना.

आता आकडे. जुन्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांच्या काळापासून मेकॅनिकांचा एक ठोकताळा चालत आलाय: गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे (मिनिटाला फेरे) किमान १० पीएसआय. ठोकताळा म्हणून तो वाईट नाही, पण कंपन्यांचे स्वतःचे किमान आकडे कित्येकदा त्याहून कमी असतात. शेव्हरोले सिल्व्हराडोमध्ये वर्षानुवर्षं बसत आलेल्या ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या जुन्या पिढ्यांसाठी जनरल मोटर्सने गरम इंजिनाला १००० आरपीएमवर ६, २००० वर १८ आणि ४००० वर २४ पीएसआय एवढा किमान दाब मान्य केला होता. डॉज रॅममधल्या कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेल इंजिनासाठी हाच हिशेब आयडलिंगला १० आणि २५०० आरपीएमवर ३० असा आहे. गेज बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि किलोपास्कलमध्ये असेल तर १०० म्हणजे १ बार.

हे किमान आकडे आहेत, निरोगी इंजिनाचे नाहीत. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. चांगल्या स्थितीतलं ५.३ लिटरचं इंजिन गरम आयडलिंगलाही २५ ते ४० दाखवतं. ते ८ वर आलं तर पुस्तकाच्या हिशेबाने ते अजून पास आहे, पण आत काहीतरी बदललंय हे नक्की.

तरीही ६ पीएसआय पुरतं कसं? स्फोटाचा प्रचंड जोर पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडमार्गे बेअरिंगवर येतो. एवढासा दाब धातूला धातूपासून वेगळं कसा ठेवणार? याचं उत्तर मोटारींच्या आधीचं आहे आणि ते रेल्वेच्या आसाने (ॲक्सलने) दिलं. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्लिश अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला होता, वरच्या बेअरिंगला वंगण सोडण्यासाठी एक भोक पाडलेलं होतं. आस फिरू लागला की त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्याने बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज बसवलं. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि गेजचा काटा २०० च्या पुढे, मोजपट्टीच्या बाहेर गेला. तिथे कोणताही पंप जोडलेला नव्हता.

१८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. भार पडला की आस बेअरिंगच्या मध्यावरून किंचित सरकतो आणि फट एका बाजूला निमुळती होते. फिरणारा आस तेलाला आपल्यासोबत त्या निमुळत्या जागेत ओढत नेतो. तेलाला निसटायला वेळ मिळत नाही, आणि तिथे जबर दाब तयार होतो. भार पेलतो तो हाच दाब. आजच्या इंजिनात या थरातला दाब हजारो पीएसआयपर्यंत जातो. पंपाने फक्त फटीला तेल कमी पडू द्यायचं नाही. आयडलिंगला भार हलका आणि वेग कमी, म्हणून थोडा दाबही चालतो. वेग वाढला की तेल बाजूंनी जास्त निसटतं, शिवाय बेअरिंगची उष्णताही त्यानेच वाहून न्यायची असते. म्हणून किमान आकडाही आरपीएमबरोबर चढत जातो.

बेअरिंग झिजलं की आकडा का पडतो हेही त्याच फटीत दिसतं. अरुंद फटीतून जाणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दाब आणि दाटी तीच ठेवून फट दुप्पट केली, तर निसटणारं तेल आठपट. पंपाला तेवढा पुरवठा जमत नाही, आणि काटा आधी आयडलिंगला बसतो. रेस दिली की तो पुन्हा वर येतो, म्हणून कित्येक महिने कुणाला जाणवत नाही.

अशा वेळी दाट तेल भरून काटा वर आणण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. मला तो पटत नाही. आकडा वाढतो हे खरं, पण फट तेवढीच राहते. थंडीत सुरू करताना दाट तेल लांबच्या बेअरिंगांपर्यंत उशिरा पोचतं, रिलीफ व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहून तेल वाया परततं, आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हचं उघडण्या-मिटण्याचं टायमिंग बदलणाऱ्या बारीक यंत्रणांचं काम मंदावतं. कंपनीने त्या इंजिनासाठी ज्या ग्रेड मान्य केल्यात, त्यांतच राहावं.

गेजवर किती विश्वास ठेवावा हाही प्रश्न आहेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या कित्येक पिकअपमध्ये गेज दिसायला गेज होतं, पण त्यामागे साधा स्विच होता. दाब ६-७ पीएसआयच्या वर असला की काटा मधोमध, खाली गेला की शून्यावर. अशा काट्याचं न हलणं हे इंजिन चांगलं असल्याचं लक्षण नाही. उलट अलीकडच्या अनेक इंजिनांत दोन टप्प्यांचे किंवा गरजेनुसार कमी-जास्त तेल देणारे पंप आहेत. हलक्या भाराला ते मुद्दाम कमी दाब ठेवतात आणि गरज पडताच एकदम वाढवतात. तिथे काट्याने उडी मारली तर घाबरायचं कारण नाही.

स्वतःच्या गाडीचा नॉर्मल आकडा मिळवायला सोपा मार्ग आहे. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून झाल्यावर, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये टाकून, आयडलिंगचा आणि २००० आरपीएमचा दाब लिहून ठेवा. तेल बदलल्यावर पुन्हा घ्या. असे चार-सहा आकडे जमले की कुठल्याही पुस्तकापेक्षा ते जास्त कामाचे असतात. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर काटा क्षणभर कोसळत असेल, तर चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेल कमी आहे आणि पंप हवा ओढतोय, डिपस्टिक आधी बघा. दाब महिनोन्‌महिने उतरत असेल आणि तेलाची पातळी मात्र वाढत असेल, तर तेलात इंधन मिसळत असण्याची शक्यता मोठी. गरम इंजिनालाही दाब नेहमीपेक्षा बराच वर राहत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का किंवा तेल चुकीच्या ग्रेडचं भरलंय का, ते तपासा.

काटा एकदम शून्याकडे गेला, लाल दिवा लागला किंवा इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक ऐकू आली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. गॅरेज जवळ आहे म्हणून तसंच पुढे जाऊ नका. चूक सेन्सरची असू शकते, पण ते तपासायचं इंजिन थांबवल्यावर. तेलाची पातळी ठीक असेल, तर मेकॅनिक सेन्सर काढून त्या जागी साधं यांत्रिक गेज लावतो. त्यावर दाब व्यवस्थित आला तर सेन्सर बदलायचा. जनरल मोटर्सच्या काही व्ही-८ इंजिनांत सेन्सरखाली छोटी जाळी असते, ती गाळाने बुजली तरी काटा खोटं सांगतो. यांत्रिक गेजवरही दाब कमीच असेल, तर चेंबर उतरवून आधी तेल ओढणाऱ्या नळीची जाळी आणि तिची रबरी ओ-रिंग बघावी लागते. ती रिंग कडक होऊन चिरली की पंप तेलासोबत हवा ओढतो. दोन्ही ठीक निघाल्या, तरच पंप आणि बेअरिंगकडे वळायचं.