खाण ‘बंद’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

‘खाण बंद आहे’ असे कुणी सांगितले तर त्याचे किमान चार अर्थ निघतात. कामगार संपावर असतील. मालकाने टाळेबंदी केली असेल. कोळशाचे ढीग पडून आहेत म्हणून ले-ऑफ (नोकरी कायम, पण तात्पुरते काम नाही) दिला असेल. किंवा खाण कायमचीच संपली असेल. बोलताना या फरकाने कुणाचे अडत नाही. न्यायाधिकरणासमोर मात्र प्रत्येक अर्थाची किंमत वेगळी असते, आणि भारतात खाणबंदीवरून झालेल्या भांडणांचा बराचसा इतिहास हा घडलेल्या गोष्टीला नाव काय द्यायचे याच भांडणाचा आहे.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात उद्योग कायमचा बंद करण्याबद्दल सुरुवातीला काहीच नव्हते. १९५३च्या दुरुस्तीने ले-ऑफ आणि कामगार कपातीची भरपाई आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला: सगळा धंदाच गुंडाळला तर ती कपात म्हणायची का? ऑक्टोबर १९५६मध्ये पिपराइच साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कपातीसाठी आधी उद्योग चालू असावा लागतो. पुढच्याच महिन्यात, २७ नोव्हेंबरला, बार्शी लाइट रेल्वेच्या प्रकरणात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मालकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, पण तो फार टिकला नाही. सरकारने १९५७मध्ये वटहुकूम आणि मग कायदा करून उद्योग बंद केल्यावरही भरपाई देणारे कलम २५-एफएफएफ आणले आणि ते मागच्या तारखेपासून लागू केले. तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६, म्हणजे निकालाचा दुसरा दिवस. १९६०मध्ये हे कलमही न्यायालयात टिकले.

या कलमातला हिशेब बघण्यासारखा आहे. सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. २५ वर्षे खाणीत काढलेल्या माणसाला ३७५ दिवसांचा पगार, म्हणजे वर्षभरापेक्षा थोडा जास्तच. पण मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने उद्योग बंद पडला, तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची कमाल मर्यादा. ‘टाळता न येणारे’ एवढ्या शब्दांवर कामगाराचे साधारण नऊ महिन्यांचे पैसे उभे! तोटा झाला, माल पडून राहिला, भाडेपट्टा संपला, ही कारणे कायद्यानेच त्यातून वगळली. खाणमालकाकडे तरी एक हुकमी उत्तर उरत होते: जमिनीत कोळसाच संपला, त्याला मी काय करू? डिसेंबर १९७१पासून तीही पळवाट बुजवली गेली. खनिज संपणे हे केवळ तेवढ्यावरून टाळता न येणारे कारण ठरत नाही. मात्र त्याच पगारावर, त्याच अटींवर आणि सेवेत खंड न पडता दुसरीकडे काम दिले, तर भरपाई द्यावी लागत नाही.

१९७२मध्ये साठ दिवसांच्या नोटिशीचे बंधन आले. १९७६मध्ये त्याहून मोठे पाऊल पडले: ३०० किंवा जास्त कामगार असलेले कारखाने, खाणी आणि मळे सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय बंद करता येणार नाहीत. मुंबईच्या एक्सेल वेअर या कपड्यांच्या कारखान्याने त्याला आव्हान दिले. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीची ही अट घालणारे कलम २५-ओ रद्द केले. धंदा बंद करण्याचा हक्क हा धंदा करण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हणत. त्या कलमात नकाराची कारणे देण्याचे बंधन नव्हते आणि अपिलाची सोयही नव्हती. १९८२च्या दुरुस्तीने या उणिवा भरून काढल्या. नव्या रूपात अर्ज ९० दिवस आधी करायचा. सरकार ६० दिवस गप्प बसले तर परवानगी मिळाली असे मानायचे. आणि परवानगीविना बंद केले तर कामगारांचे सगळे लाभ खाण चालू असल्यासारखेच चालू राहतात. कामगारसंख्येची अटही १००वर आली. हे नवे कलम २००२मध्ये ओरिसा टेक्सटाइलच्या खटल्यात वैध ठरले.

कोळशाच्या बाबतीत यात एक गंमत आहे. खाणींसाठी परवानगी द्यायची केंद्र सरकारने. आणि १९७३पर्यंत बहुतेक कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन मालकही केंद्र सरकारच झाले होते. मागणारा आणि देणारा एकाच घरातले. सरकारी कंपन्यांचा रोख सहसा कामगारांना शेजारच्या खाणीत हलवण्याकडे राहिला. मग वाद बंदीचा न राहता बदलीचा होतो, आणि कंत्राटी कामगार बदलीच्या यादीत नसतातच.

खाणीला आणखी एक अडचण आहे, जी गिरणीला नाही. गिरणीचे कुलूप न्यायालयाच्या आदेशाने उघडता येते. भूमिगत खाणीत मात्र पंप थांबले की पाणी चढू लागते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी जिंकलेला खटला पाण्याखाली गेलेल्या खाणीबद्दलचा असतो. इंग्लंडमधली एलिंग्टन खाण जानेवारी २००५मध्ये बंद करताना कंपनीने पाणी शिरल्याचे आणि सुरक्षिततेचे कारण पुढे केले होते. खरे कारण आर्थिक होते, असा निष्कर्ष तिथल्या न्यायाधिकरणाने काढला. २००७च्या अपिलात ठरले की बंद करण्यामागच्या कारणांवरही युनियनशी सल्लामसलत करावी लागते. कामगारांच्या पदरी भरपाई पडली, खाण परत आली नाही.

भारतात २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा पुन्हा ३००वर नेली. नोव्हेंबर २०२५पासून ती लागू आहे. अडीचशे कामगारांच्या खाणीला आता साठ दिवसांची नोटीस आणि भरपाई एवढेच पुरते. त्यामुळे हजेरीपटावर नेमके किती जण आहेत आणि ठेकेदाराची माणसे त्यात मोजायची की नाही, यावर आता जास्त भांडण होईल असे दिसते.