अर्जातील एका चुकीने प्रवेश हुकतो का?

‘परदेशी विद्यापीठाच्या पदव्युत्तर अर्जात शुद्धलेखनाची एक जरी चूक राहिली, तरी संगणक तो अर्ज परस्पर बाद करतो’, असा संदेश लातूर, नांदेड, बीडकडच्या विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो. घरातून पहिल्यांदाच कोणी इतक्या दूर शिकायला निघाले असताना ही धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज बरोबर नाही.

प्रवेशाचा निर्णय बहुधा विभागातील प्राध्यापकांची समिती घेते. गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि ‘एसओपी’ म्हणून ओळखले जाणारे उद्देशपत्र एकत्र वाचून, विद्यार्थ्याला तो विषय झेपेल का, याचा ती विचार करते, आणि त्या विचारात सुटलेल्या एका वेलांटीएवढ्या चुकीला फारसे वजन नसते.

नावाची चिंता मात्र आपल्याकडे विशेष दिसते. आपल्या गुणपत्रिकेवर सहसा आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, तर पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा असतो. क्रमातील हा फरक म्हणजे खोटेपणा नव्हे. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव लिहावे, एवढे पुरते.

खरी अडचण येते ती राहिलेल्या कागदपत्रांमुळे, चुकीच्या गुणांमुळे किंवा उलटलेल्या मुदतीमुळे. मुदत विद्यापीठाच्या स्थानिक वेळेनुसार असेल, तर हा फरक लक्षात ठेवावा: उदाहरणार्थ, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार डिसेंबरातील रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ होतात.

पडताळणीसाठी विभागाच्या सूचना मुळातून वाचाव्यात आणि अर्ज भरलेल्या खात्यात कोणती कागदपत्रे पोहोचली ते पाहावे. गुणांसारखी महत्त्वाची चूक आढळल्यास प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पाठवून दुरुस्ती कळवावी.