थरार कादंबरीची ओढ

थरार कादंबरी वाचताना लागणारी, पुस्तक खाली ठेवू न देणारी अधीरता. लेखी मराठीत तिला उत्कंठा म्हणतात, बोलण्यात सरळ 'सस्पेन्स'.

मराठीत रहस्यकथा आणि थरारकथा ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण दोन्हींची ओढ वेगळी आहे. रहस्यकथेत खून पडून गेलेला असतो आणि शोध मागे मागे जातो. थरारकथेत अनर्थ अजून घडायचा असतो आणि वाचकाला तो दिसत असतो. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी यासाठी टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला. दोघे गप्पा मारत बसले आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आधीच ठाऊक असेल, तर त्याच साध्या गप्पांची पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. पात्राला माहीत नसलेले वाचकाला माहीत असणे, हे या कलेचे मूळ. 'अरे, ते दार उघडू नकोस' असे मनातल्या मनात ओरडणारा वाचक त्यामुळेच कथेत ओढला जातो.

शरीरही यात सामील असते. छाती धडधडते, तळहात ओलावतात, मात्र धोका कागदावरचा असल्याने पळावे लागत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार भीतीने चढलेली उत्तेजना संकट टळल्यावर लगेच ओसरत नाही. ती सुटकेच्या आनंदात मिसळते आणि तो आनंद वाढवते. नायक जितका खोल अडकलेला, तितका शेवटचा सुस्कारा मोठा. त्यासाठी त्या नायकाविषयी आधी माया वाटावी लागते. ती निर्माण न करता नुसते पाठलाग रचणारा लेखक वाचकाला दमवतो, धरून ठेवत नाही.

शेवट कळला की मजा गेली, असे सगळेच मानतात. कॅलिफोर्नियातील लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या संशोधकांना 2011 मध्ये उलट आढळले: शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने थोड्या अधिक आवडल्या. त्या कथा मात्र एका बैठकीत संपणाऱ्या लघुकथा होत्या. चार-पाच दिवस पुरवून वाचलेल्या कादंबरीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तिथे अर्धा थरार दोन वाचनांच्या मधल्या वेळात असतो.

हा मधला वेळ ठाण्याच्या वाचकाला लोकल देते. ठाणे ते मुंबई हे 34 किलोमीटरचे अंतर धीम्या गाडीने साधारण तासाभराचे, ठाणे ते वाशी अर्ध्या तासाचे. तिघांच्या बाकाच्या कडेला टेकायची चौथी सीट मिळाली तरी पुस्तक उघडते. उभ्याने वाचणारे एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटतात. ऐरोली गेले, रबाळे गेले, खलनायक जिन्यापर्यंत पोचला आणि उतरायचे स्टेशन आले. पुस्तक पिशवीत जाते, पण जिन्यावरची पावले दिवसभर ऑफिसात वाजत राहतात. प्रकरण ऐन मोक्याला तोडण्याची लेखकाची युक्ती इथे रेल्वेचे वेळापत्रकच पार पाडते.

या वाचनाला ठाण्यात जुना आधार आहे. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने 1 जून 1893 रोजी येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढच्या शतकात बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड हे नायक घराघरांत पोचले. अशा पुस्तकांना हलके समजून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण वाचनाची गोडी अनेकांना या पुस्तकांनीच लावली, आणि हे काम लहान नाही.

लायब्ररीतून आणलेल्या थरार कादंबरीत एक धोका कथेबाहेरचा असतो. हातोहात फिरून शिवण उसवते आणि सुटतात ती बहुधा शेवटची पाने. असे पुस्तक हाती आलेला वाचक दुसरी प्रत कुठे मिळेल ते विचारत फिरतो. एखादा ओळखीचा शेवट सांगायला निघाला, तर त्याला अर्ध्या वाक्यात थांबवतो.