शिट्टीवर थांबणं आणि सावज उठल्यावर थांबणं

झुडपातून फेझंट (शिकारीचा एक रानपक्षी) फडफडत उडाला आणि तरुण स्पॅनियल, म्हणजे सावज उठवणारा शिकारी कुत्रा, मागे न धावता जागच्या जागी बसला, की पाहणारे म्हणतात, "थांबायला शिकला." पण तो मालकाची शिट्टी ऐकून बसला, की पक्षी उडालेला पाहून? दिसायला दोन्ही सारखंच. शिकवण मात्र वेगळी, आणि एक पक्कं झालं म्हणून दुसरंही आलं असं धरून चालणारे पुढे फसतात.

स्पॅनियल पॉइंटर जातीच्या शिकारी कुत्र्यासारखा सावजासमोर स्तब्ध उभा राहत नाही. बंदुकीच्या पल्ल्यात, साधारण २० ते २५ मीटरच्या आत, तो डावी-उजवीकडे झुडपं धुंडाळतो आणि वास लागला की थेट आत घुसून सावज उठवतो. म्हणजे त्याने थांबायचं ते नेमकं उत्साह शिगेला पोचलेला असताना. म्हणूनच हे शिक्षण अवघड आहे आणि घाईने बिघडतं.

शिट्टीवर थांबणं ही सरळ आज्ञा. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असशील तिथे बस आणि माझ्याकडे बघ. जवळ बोलावायला छोट्या तुटक शिट्ट्या वापरतात. बसायला शिकलेल्या पिल्लापासून सुरुवात करायची: आधी शिट्टी, लगेच "बस" आणि वर केलेला हात. मग चालताना, मग मोकळं धावताना, मग वास नसलेल्या मैदानात धुंडाळताना. वासाचं रान सगळ्यात शेवटी.

थांबला नाही तर पुन्हापुन्हा शिट्टी फुंकू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की पहिल्या शिट्टीला काही अर्थ नसतो. शांतपणे जा, शिट्टी वाजली तेव्हा तो जिथे होता तिथे त्याला परत आणा, तिथेच शिट्टी वाजवून बसवा. थांबल्यावर दर वेळी जवळ बोलावणंही टाळा, नाहीतर तो थांबायचं सोडून तुमच्याकडे सरकत येऊ लागतो. तुम्ही त्याच्यापर्यंत चालत जा, शाबासकी द्या आणि पुन्हा धुंडाळायला सोडा. शिकारी कुत्र्याला यापरतं बक्षीस नाही. मात्र एका फेरीत सतत थांबवत राहिलात, तर तो झुडपाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघू लागेल. रान धुंडाळण्याची ओढच मेली, तर त्या थांबण्याचा काय उपयोग?

सावज उठल्यावर थांबण्यात आज्ञा देणारं कोणी नसतं. उडणारा पक्षी किंवा पळणारा ससा हीच खूण. इथे क्रमाला फार महत्त्व आहे: आधी पक्षी उडावा, क्षणभराने शिट्टी वाजावी. शिट्टी आधी वाजली तर कुत्रा पक्ष्याशी काहीच जोडत नाही. सुरुवात फेकलेल्या चेंडूने करा, पुढे कुत्र्याला लांब दोरी लावून ससे ठेवलेल्या कुंपणात न्या, मग पेटीतून सोडलेली कबुतरं वापरा. क्रम कायम राहिला की एक दिवस शिट्टीआधीच तो बसतो. तिथून शिट्टी हळूहळू कमी करायची. बंदुकीच्या आवाजावर बसणंही याच पद्धतीने शिकवतात.

हा शिष्टाचार दिखाऊ नाही. खालून उडणाऱ्या पक्ष्यामागे उडी घेणारा कुत्रा गोळीच्या वाटेत येऊ शकतो. पाठलाग करणारा कुत्रा पुढचे पक्षीही पल्ल्याबाहेर उठवून देतो. ब्रिटनमधल्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, असा पाठलाग केला की कुत्रा बाद होतो.

तुमच्या कुत्र्याला यातलं काय येतं, हे तपासायला दोन्ही खुणा वेगळ्या कराव्या लागतात. कुत्र्याला लांब दोरी लावा, कबूतर उडवा आणि शिट्टी वाजवूच नका. दुसऱ्या दिवशी ससा नुकताच गेलेल्या गवतात, नाक जमिनीला लावून तो माग काढत असताना, समोर सावज नसताना शिट्टी वाजवा. प्रत्येक पक्ष्यावर छान बसणारे कितीतरी कुत्रे इथे कान बंद करून पुढे जातात. कुंपणापलीकडे रस्ता असेल तर हीच शिट्टी त्याचा जीव वाचवते, म्हणून माझ्या मते सावजाची ओळख होण्याआधी ती पक्की हवी.

आणि पहिल्या हंगामात बंदूक दुसऱ्याच्या हाती द्या. तुम्ही स्वतः नेम धरलात की नजर पक्ष्यावर जाते आणि कुत्रा पहिलं पाऊल कधी सरकला ते दिसत नाही. ते पहिलं पाऊलच अडवायचं असतं.